उंबरकोंडचे स्वरसम्राट

वाचकहो, एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. सुई तबकडीला टेकल्यापासून तीन सेकंदांत मी गाणाऱ्याचं वय, गाव आणि स्वभाव ओळखतो! चौथ्या सेकंदाला त्याच्या घरी त्या दिवशी आमटी होती की सार, तेही सांगीन! निदान गेल्या गणपतीपर्यंत मी असं सांगत असे. हल्ली कुणी हा विषय काढला की मी घसा साफ करतो आणि त्याला नव्या फ्रेमा दाखवायला घेतो.

फ्रेमा म्हणजे चष्म्याच्या. महाडच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. तो झाला पोटाचा उद्योग. खरा उद्योग तबकड्यांचा! त्यातही कुणाच्याही माळ्यावर सापडणाऱ्या मोठ्या, बारा इंची तबकड्यांकडे मी ढुंकून बघत नाही. मला हव्यात त्या सात इंची, एका बाजूला एकच गाणं असलेल्या आणि जगात कुणीही न ऐकलेल्या. कुठल्याशा दंतमंजनवाल्याने जाहिरातीसाठी काढलेलं पद, एका शेटजींनी मुलाच्या लग्नात वाटलेल्या मंगलाष्टका, कुठल्याशा पतसंस्थेचं गौरवगीत. अशा दोनशे अठरा तबकड्या माझ्याकडे आहेत आणि प्रत्येकीचं परीक्षण मी माझ्या 'सात इंची' नावाच्या फेसबुक पानावर लिहितो. पानाला त्रेचाळीस वाचक आहेत. त्यातली एक माझी ठाण्याची मेहुणी. ती न वाचताच अंगठा देते, पण देते बिचारी.

तर श्रावणात एक दिवस तुडीलचा भंगारवाला रामा चष्म्याची तुटलेली काडी घेऊन दुकानात आला. काडी बसवून दिली तसा त्याने पोत्यात हात घातला.

"शेठ, ही थाळी तुमच्यासाठी ठेवलीय. पुरातली हाय. बघा वाजते का."

तबकडीवर चिखलाचा पापुद्रा होता. मी ती घरी नेऊन कोमट पाण्याने, लहान बाळाला न्हाऊ घालावं तशी धुतली. मधल्या कागदाचा निम्मा भाग पुराने खाल्ला होता. उरलेल्या निम्म्यावर एवढंच वाचता आलं: 'सखाराम मोरे आणि साथीदार, उंबरकोंड, ता. पोलादपूर'. गाण्याचं नाव, साल, वेग, सगळं सावित्री नदीच्या पुरात वाहून गेलेलं.

आता थोडं शास्त्र सांगतो. सात इंची तबकडी साधारणपणे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मोजक्या काही सात इंची तबकड्या तेहतीसच्या संथ वेगाने वाजवायच्या असतात, आणि हे फक्त जाणकाराला ठाऊक असतं. मी कोण? जाणकार! मी भिंगातून खाचा बघितल्या, "हं" असं म्हटलं आणि यंत्राचं बटण थेट तेहतीसवर नेलं. पंचेचाळीसवर एकदा लावून बघावं, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. असली शंका नवशिक्यांना येते.

आणि काय सांगू! त्या तबकडीतून जो आवाज निघाला, तसा मी जन्मात ऐकला नव्हता. खर्जातला, जड, ओढत ओढत चाललेला पुरुषी आवाज! मागे साथीदारांच्या टाळ्या, त्याही थांबून थांबून. आणि दर ओळीनंतर खोल, लांबलचक उसासे!

"अहो!" आतून आमची माधुरी ओरडली. "कुणाची म्हैस अडलीय का?"

"माधुरी, मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवून एक माणूस गातोय!"

"मग त्याला सांगा, लवकर आटप. आणि ते मशीन बघा, काहीतरी बिघडलंय त्याचं."

मी दार लावून घेतलं. बायकोला तबकडीतलं काही कळत नाही, ही माझी तेव्हाची ठाम समजूत होती.

गाण्याचे शब्द साधेच होते.

सासू गेली पान्याला,
बोका चढला शिंक्याला,
सांगू कुनाला गो, सांगू कुनाला!

वरवर साधे हो! पण त्या संथ, दुःखी आवाजात ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. त्या तिरमिरीतच मी परीक्षण लिहून काढलं. 'सासू म्हणजे माया. ती पाण्याला गेली, म्हणजे मायेचा पडदा दूर झाला. शिंकं म्हणजे अधांतरी लटकणारा हा देह, आणि बोका म्हणजे काळ! तो दबकत येतो आणि आयुष्याचं लोणी फस्त करतो. आणि हे सांगणार कुणाला? सखाराम मोरे हा एकाकी, विरक्त, बहुधा आता आपल्यात नसलेला महापुरुष सह्याद्रीच्या कुशीत हे गाऊन गेला आणि आपल्याला पत्ता नाही!' उसाशांवर एक वेगळा परिच्छेद लिहिला. त्याचं शीर्षक होतं 'निःश्वासांचं समूहगान'. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी ते माधुरीला दोनदा वाचून दाखवलं.

चौथ्या दिवशी फोन आला.

"सर, मी दीपेश मोरे बोलतोय, नालासोपाऱ्यावरनं. उंबरकोंड ग्रामस्थ मंडळ, मुंबईचा सेक्रेटरी. सखा मोरे माझे सख्खे काका!"

"अरे वा! आहेत का ते?"

"नाय ना सर! बारा वर्षं झाली जाऊन. सर, तुमचं वाचून अख्ख्या ग्रुपवर सगळे हैराण हायत. आमाला माहीतच नव्हतं, काका येवडे मोठे होते!"

"तुम्ही त्यांना कधी गाताना ऐकलं नाही?"

"कधीच नाय! आरतीला पन नुसत्या टाळ्या मारायचे. सगळं दाबून ठेवलं सर त्यांनी!"

"खरा कलावंत दाबूनच ठेवतो," मी म्हणालो. काय वाक्य होतं!

त्या वाक्याने घात केला. उंबरकोंड म्हणजे पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावर वसलेली तीस-पस्तीस घरांची वाडी. माणसं निम्मी गावाला, निम्मी मुंबईत. मुंबईच्या मंडळाने व्हॉट्सॲपवर ठरवायचं आणि गावकीने मान डोलवायची, अशी तिथली रीत. मंडळाने ठरवलं की गौरीपूजनाला सगळे चाकरमानी गावात असतील, तेव्हा स्मृतिसोहळा करायचा, समाजमंदिराला सखाकाकांचं नाव द्यायचं आणि प्रमुख पाहुणे म्हणून मला बोलवायचं. माझं मन म्हणालं, अरविंदा, नऊ वर्षांच्या तपश्चर्येला फळ आलं! मी नवा सदरा शिवायला टाकला.

गौरीच्या दिवशी मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं यंत्र आणि शेजारी माधुरी, असा मी रिक्षाने निघालो. पोलादपूरच्या स्टँडवर उतरलो आणि वर बघतो तर काय! दहा फुटी फ्लेक्स! 'स्वरसम्राट कै. सखाराम मोरे'. काकांचा एकुलता एक फोटो रेशनकार्डासाठी काढलेला असावा, कारण चेहऱ्यावर पोलिसांनी पकडल्याचा भाव होता. त्या फोटोला कुणीतरी कॉम्प्युटरवर तानपुरा चिकटवला होता. खाली माझा फोटो, आणि नावापुढे 'आंतरराष्ट्रीय समीक्षक'.

"आंतरराष्ट्रीय कशावरून?" माधुरीने विचारलं.

"एक वाचक मस्कतला असतो," मी सांगितलं. ती उरलेल्या वाटेत तीन वेळा हसली.

रस्ता संपला तिथून पुढे चढण. दीपेशने यंत्र डोक्यावर घेतलं आणि आम्हाला आधी सखाकाकांच्या घरी नेलं. काकांच्या पत्नी चिमाबाई ओटीवर बसून नारळ खोवत होत्या. सत्तरीपलीकडची, सडपातळ, ताठ कण्याची बाई. मी नम्रपणे वाकलो.

"मावशी, तुमचे यजमान फार थोर गायक होते."

"थोर होते, गायक नवते," मावशी म्हणाल्या. हात थांबला नाही.

"पण ही तबकडी?"

"त्या थाळीत मी हाय. मी, ती शकू नि आनखी चौघी. ह्ये मुंबईला थाळ्यांच्या कंपनीत पेट्या उचलायला होते. तितल्या सायबांनी बोलवलं, तुमच्या बायकांची गानी ऐकवा. आमी गेलो नि गायलो. नाव इचारलं, तवा ह्यांनी आपलं सांगितलं. बायकांचं नाव तवा कोन छापतंय?"

मी हसलो. वाचकहो, ते हसू आठवलं की अजून मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. दुःखी बाईला समजून घेणाऱ्या मोठ्या माणसाचं हसू होतं ते!

"मावशी, मी नऊ वर्षं हेच करतोय. त्यात बाईचा आवाज नाही हो. साथीला असाल तुम्ही. ते खोल उसासे तुमचेच का?"

"कसले उसासे? फुगडी हाय ती!"

"बरं, तुम्ही ती नंतर कधी ऐकलीत का?"

"मशीन कुठं होती आमच्यात? दहा थाळ्या दिल्यान कंपनीनं. दुदाच्या टोपावर झाकन म्हनून वापरल्या, मंग कुठं गेल्या कुनास ठाव."

"बघा! म्हणजे ऐकलेलीच नाही. इतक्या वर्षांत आठवणींची सरमिसळ होते, मावशी."

आता मात्र त्यांचा हात थांबला. "दीपेश पन तेच बोलला, काकी तुला इसरायला होतंय. माझा येवढा येकच आवाज हाय दुनयेत ठेवलेला. तोच माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावानं लावताय, मंग तो नवऱ्याचा का असंना!" त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी ते वैधव्याचं दुःख समजलो आणि आदराने मान खाली घातली. माधुरीने माझ्या बरगडीत कोपर मारलं. तेही मी घाईचा इशारा समजलो.

समाजमंदिर खचाखच भरलं होतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पुढे हार घातलेला तानपुऱ्यासह फोटो, बाजूला पडद्यामागे नव्या नावाची पाटी. मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि माईक मिळाला. तिसरी गोष्ट द्यायला नको होती. माया, काळ आणि देह यांवर मी पंचवीस मिनिटं बोललो. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "सखाकडं बोका कवा होता?" पण मोठ्या विचारांना असे फाटे फुटायचेच.

मग दीपेशने सगळ्यांना उभं केलं. मी बटण तेहतीसवर आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून तपासलं, यंत्रापाशी माईक धरला आणि सुई टेकवली.

"साऽऽऽसूऽऽऽ गेऽऽऽलीऽऽऽ..."

कर्ण्यातून तो आवाज डोंगरभर घुमला. पुरुषांनी माना खाली घातल्या. दीपेशने रुमाल काढला. बाहेर एक कुत्रा गळा काढून साथ देऊ लागला. बायकांच्या बाजूला, मावशींनी सांगितलेल्या त्या शकूबाई तोंडाला पदर लावून गदगदत होत्या. आवाजाची केवढी ही ताकद, असं मला वाटलं. जरा नीट बघितलं तेव्हा कळलं की बाई हसतायत!

तेवढ्यात चिमाबाई उठल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. पतीच्या आवाजाला फुलं वाहणार असतील, म्हणून मी बाजूला सरलो. त्या यंत्रावर वाकल्या. क्षणभर कान देऊन ऐकलं.

"ह्ये असं रडत कोन फुगडी घालतंय?" त्या म्हणाल्या. आणि त्यांनी तबकडीच्या मध्यावर बोट टेकवून, जातं फिरवावं तशी ती जोराने फिरवायला सुरुवात केली!

"सुई! मावशी, सुई!" मी किंचाळलो. हातात माईक होता, त्यामुळे ती किंकाळी खालच्या वाडीतही ऐकू गेली म्हणतात.

पण माझ्याकडे लक्ष कुणाचं होतं! कर्ण्यातला आवाज आधी डळमळला, मग वर चढू लागला. म्हाताऱ्याचा तरुण झाला, तरुणाचा पोरगा झाला, आणि मग एकदम लख्ख, खणखणीत, वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा आवाज बाहेर पडला!

सासू गेली पान्याला,
बोका चढला शिंक्याला!

आणि ते माझे निःश्वास? फू! फू! फू! फू! सहा बाया कमरेत वाकून जोरात फुगडी फिरत होत्या. एकही मृत्यूच्या जवळपास नव्हती.

"हां! आता कशी बरूबर चालली!" चिमाबाई म्हणाल्या. चाळीसेक वर्षं जातं ओढलेला हात तो. वेग एका मापाने धरून ठेवला होता, माझ्या यंत्राला जमला नसता इतका.

"गो चिमे!" शकूबाई तिकडून ओरडल्या. "तूच गो ती! नि मागं खोकते ती मी!"

मग काय, पदर खोचले गेले! पाच-सहा जणी उठल्या, सतरंजी गोळा झाली आणि स्मृतिसोहळ्यात फुगडीचा फेर सुरू झाला. दुखवट्याला उभे राहिलेले पुरुष भिंतीला लागले. चिमाबाई एका बोटाने तबकडी फिरवत, स्वतःच्याच जुन्या आवाजाबरोबर गात होत्या. पन्नास वर्षांपूर्वीची ती पोरगी एक ओळ म्हणायची आणि ही म्हातारी तिच्या पुढे जाऊन दुसरी उचलायची. मला मनापासून लाज वाटली. ही बाई दुपारी मला स्वच्छ मराठीत सांगत होती, आणि मी तिला तिच्याच गाण्याबद्दल समजावत होतो.

माधुरी शांतपणे पुढे आली, तिने चिमाबाईंचं बोट अलगद उचललं आणि यंत्राचं बटण सरकवलं. तबकडी आपोआप त्याच वेगाने फिरू लागली. बटणाशेजारी अंगठ्याएवढा आकडा होता, ४५. जन्मभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावणारा मी!

गाणं संपलं आणि गावकी तिथेच बसली. दीपेशचा चेहरा फ्लेक्समधल्या काकांसारखा झाला होता.

"पर सर, तुमीच बोललात ना, तीन सेकंदात समजतं म्हनून!"

"समजतं," मी म्हणालो. "कधी कधी चुकीचं समजतं."

गावकीने ठरवलं की मी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवावा आणि माईकवर सगळ्यांसमक्ष माफी मागावी. मी दोन्ही केलं. बोका हा काळ नसून बोका आहे, असंही जाहीर केलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचं समाधान झालं. मग मी शाल चिमाबाईंना द्यायला काढली. खरं सांगायचं तर दीपेशने ती मागून ओढायला आधीच सुरुवात केली होती.

पाटीचा प्रश्न राहिला. ती तर रंगवून तयार होती.

"ह्यांचं नाव ऱ्हाऊ द्या," चिमाबाई म्हणाल्या. "आमाला मुंबैला न्यायला पैशे त्येंनीच घातले, बोटीचं तिकीट बी त्येंनीच काडलं. पन वर माझं लिव्हा. मोटं. नि शकूचं बी."

दीपेश रंगाचा डबा आणायला पळाला.

मी यंत्र गोधडीत गुंडाळायला घेतलं, तेव्हा चिमाबाई जवळ येऊन बसल्या. आवाज एकदम हळू झाला होता.

"भाऊ, ते पयलं लावाल? ते धीमं?"

"ते चुकीचं होतं हो, मावशी."

"चुकीचं असू दे. आवाज अगदी ह्यांचाच वाटला. ह्ये घसा बसला की असंच बोलायचे. चाळीस वर्सं संसार केला, पन माझ्यासाठी येक ओळ गायले नायत कधी."

मी बटण तेहतीसवर नेलं. तो जड, खोल आवाज पुन्हा निघाला, पण या वेळी माईक नव्हता. बायका होत्या तिथे खाली बसल्या. चिमाबाईंनी काकांचा फोटो मांडीवर घेतला आणि डोळे मिटून पहिल्या 'सासू'पासून शेवटच्या 'कुनाला'पर्यंत सगळं ऐकलं. माधुरी पदराने डोळे पुसत होती. मीही पुसत होतो. माझी चूक अगदीच वाया गेली नाही, हा विचार मनात आला. इतकंच काय, नव्या परीक्षणाचं पहिलं वाक्यही सुचलं!

तबकडी थांबली. चिमाबाईंनी डोळे उघडले, फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि त्यावरची धूळ पदराने पुसली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "जित्तेपनी कधी गायले नाय!"

वाचकहो, नऊ वर्षं मी परीक्षणं लिहितोय. इतकं नेमकं मला अजून एकदाही जमलेलं नाही.